बार्शीकर वेंगुर्ल्यात

लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली, पण बार्शीत असेपर्यंत आमच्या ह्यांना मी कधी भाजी आणायला पाठवलं नाही. गवार सांगितली तर जून आणणार, वांगी सांगितली तर किडकी. त्यांनीही मला कधी गाडीचं, बँकेचं, पाण्याच्या टँकरचं काही बघायला लावलं नाही. ज्याचं खातं त्याने सांभाळायचं, असा आमचा संसार बिनबोभाट चालला होता. मग बँकेने ह्यांची बदली वेंगुर्ल्याच्या शाखेत केली. मुलगी आधीच पुण्याला शिकायला गेलेली, त्यामुळे आम्ही दोघंच टेम्पोत सामान भरून इकडे आलो. आणि इथे दोघंही सारखेच अडाणी निघालो. मासा कळत नाही, पाऊस कळत नाही, समोरचा माणूस भरभर बोलायला लागला की निम्मं डोक्यावरून जातं. कुणी कुणाला शिकवायचं हा प्रश्नच उरला नाही.

घर मिळालं ते उभादांड्याच्या वाटेवर. चिऱ्याचं, कौलारू, पुढे खळं म्हणजे अंगण, मागे विहीर आणि माड. घरमालकीण काकी शेजारच्याच घरात राहतात. घरातून समुद्र दिसत नाही. हे नातेवाइकांना काही केल्या पटत नाही. त्यांच्या मते आम्ही रोज संध्याकाळी बाल्कनीत बसून लाटा बघत चहा पितो. बाल्कनी नाही, पडवी आहे, आणि दिवेलागणीला तिथे डास असतात.

मासळीचं मात्र सविस्तर सांगायला हवं. आम्हाला मासा म्हणजे उजनीचा. चिलापी नाहीतर रोहू, तोही कधीतरी, आणि आणला की मसाला लावून तळायचा, विषय संपला. इथल्या बाजारात पाय ठेवला आणि बांगडे, तारली, पेडवे, सौंदाळे, मुडदुशे, मोरी, सुंगटं असं सगळं एकदम समोर आलं. आम्ही दोघं नुसते उभे. एका मासेवालीने विचारलं, "वैनी, खंयच्या तुमी?" बार्शी म्हटलं. "ता खंय इला?" सोलापूरजवळ म्हटलं. "मगे तुमका मासे काय कळतले!" असं म्हणून तिने बांगड्यांचा एक वाटा आमच्या पिशवीत टाकलासुद्धा.

हे वाक्य ह्यांना लागलं. आयुष्यभर खोट्या नोटा ओळखलेला माणूस, त्याला मासे कळत नाहीत म्हणजे काय! दुसऱ्या दिवसापासून स्वारी बँकेत जायच्या आधी बाजारात. कुणाकुणाकडून माहिती काढली. कल्ला उचकटून आतून लालभडक आहे का बघायचं, डोळा स्वच्छ आणि फुगीर हवा, अंगावर बोट दाबलं तर खळगा राहता कामा नये. आता शंभराची नोट उजेडात धरावी तसा बांगडा उचलून बघतात. मासेवालीही आता ह्यांना ओळखते. "मॅनेजरानू, आज मुडदुशे घेवा, बांगडो नको," असं ती स्वतःच सांगते, आणि हे तो मोठा सन्मान असल्यासारखं घरी येऊन मला सांगतात. भाव मात्र अजून तीच ठरवते.

आणलेल्या माशाचं करायचं काय, हे काकींनी शिकवलं. तिरफळ म्हणजे इकडचा एक उग्र वासाचा मसाला, तो घालून बांगड्याचं जे सार करतात त्यात फोडणी नसते. माझा हात सवयीने तेलाच्या बरणीकडे गेला, काकींनी तो अडवला. ओलं खोबरं, भिजवलेल्या बेडगी मिरच्या, थोडे धणे, हळद, हे सगळं पाट्यावर अगदी बारीक वाटायचं. मिक्सर चालतो, पण काकी तोंड वाकडं करतात. तिरफळाच्या आतली काळी बी काढून टाकायची आणि वरची सालं नुसती चेचून रशात सोडायची, वाटणात घालायची नाहीत. आंबटपणाला सोलं, म्हणजे आपली आमसुलं. रसा उकळला की मग बांगडे, आणि त्यानंतर डाव घालायचा नाही, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवायचं, नाहीतर मासा मोडतो. खाली उतरवल्यावर वरून चमचाभर कच्चं खोबरेल. खोबरेल! आमच्याकडे ते डोक्याला लावतात. हे ताटावर बसून बघत होते, मला म्हणाले, आता कंगवा पण दे. आज तेच जेवताना बाटली मागतात.

काटे काढायला ह्यांना माझ्यापेक्षा चांगलं जमतं. शेपटीकडून बोट घालून मधला काटा अख्खा वर उचलतात आणि सुटा झालेला मासा माझ्या ताटात सरकवतात. ह्या माणसाने बार्शीत मला कधी तांब्या भरून दिला नव्हता. मी काही बोलत नाही. बोललं तर बंद होईल.

भाकरी अजून ज्वारीचीच. पीठ गावाहून येतं. बांगड्याच्या सारात ज्वारीची भाकरी कुस्करलेली पाहून काकी गप्प झाल्या होत्या. त्यांचं म्हणणं माशाबरोबर उकड्या तांदळाचा भातच हवा. सकाळी त्यांच्याकडची पेज आमच्याकडे येते, आमच्याकडून शेंगाचटणी त्यांच्याकडे जाते. चटणी त्यांनी पहिल्यांदा जिभेवर ठेवली आणि पाणी मागितलं, पण आता डबा रिकामा झाला की तो धुऊन खिडकीत ठेवतात. म्हणजे काय ते आपण ओळखायचं.

१ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. ज्या वर्षी आम्ही आलो त्या वर्षी हे आम्हाला माहीतच नव्हतं. इकडच्या बायकांनी मे महिन्यातच सुके बांगडे, सुकी सुंगटं भरून ठेवलेली असतात. आम्ही आपली जूनभर डाळ खाल्ली. अर्थात डाळीचं आम्हाला काही दुःख नाही, तूरडाळ आमच्या रक्तातच आहे.

पावसाबद्दल बार्शीत कुणाला सांगून समजत नाही. सोलापूर जिल्ह्यात वर्षभरात ५५० मिलिमीटरच्या आसपास पडतो, इथे सिंधुदुर्गात ३००० च्या वर. मेच्या शेवटी काकींनी माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं पडवीला बांधायला लावली, तेव्हा मला वाटलं, उगाच अंधार करतायत. मग आडवा पाऊस सुरू झाला. ह्यांच्या कातडी पट्ट्याला बुरशी, लग्नाच्या अल्बमला बुरशी, रिसेप्शनच्या कोटाला हिरवी बुरशी. गावाहून आणलेले पापड नुसतेच मऊ. टॉवेल वाळत नाही म्हणजे नाही. आणि लाईट. ती गेली की कधी येईल ते विचारू नये. मग काकी कंदील घेऊन येतात आणि आम्ही तिघं पाच-तीन-दोन खेळतो. तीन माणसांचा डाव, जणू आमच्याचसाठी काढलेला. काकी जिंकतात. त्या पानं बदलतात असा ह्यांचा संशय आहे, अजून सिद्ध झालेला नाही. बार्शीत संध्याकाळी सात ते दहा टीव्ही असायचा आणि आम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंना. त्यामुळे ह्यांना पत्त्यात हरल्यावर इतका राग येतो हे मला इथे येऊन कळलं.

पाऊस गेला की संध्याकाळी स्कूटर काढून सागरेश्वरला जातो. सुरूच्या बनातून वाट काढत खाली उतरलं की लांबलचक किनारा. एकदा रापण चालली होती. होडीतून जाळं अर्धवर्तुळात समुद्रात टाकत जातात आणि त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर दोन रांगा करून ओढतात. जाळं जवळ यायला बराच वेळ लागतो, ओढणारे सावकाश, एका तालात मागे सरकत असतात. हे थोडा वेळ बघत उभे राहिले, मग चपला माझ्या हातात दिल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सरळ दोराला लागले. कुणी नको म्हटलं नाही. कुणीतरी फक्त "पाय रोवा, पाय," असं ओरडलं. जाळं वर आलं तेव्हा त्यात पेडवेच पेडवे उड्या मारत होते. हात लावणाऱ्याला थोडे मासे द्यायची रीत आहे, ह्यांच्याही ओंजळीत टाकले. आता न्यायचे कशात? डिकीत बँकेची नववर्षाची कापडी पिशवी होती. ती पिशवी नंतर कितीदा धुतली तरी वास गेला नाही, आणि ह्यांच्या हातांना फोड आले ते वेगळंच. पण ते पेडवे घरी आल्यावर पडवीत बसून दोघांनी साफ केले. खवलं काढायची, डोकं मोडायचं, आतडं अंगठ्याने ओढायचं. चुलतभावाचा फोन आला तर हे म्हणाले, "नंतर बोलतो, मासे धरून आणलेत."

सुटीच्या दिवशी लांब जातो. शिरोड्याची मिठागरं बघितली, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं ते गाव. वि. स. खांडेकर तिथल्या शाळेत शिक्षक होते. वाटेत आरवलीला वेतोबा. देव रात्री गावात फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे, म्हणून लोक नवसाला कातडी चपलांचा जोड वाहतात. साध्या नव्हेत, भल्यामोठ्या. आणि केळीचा घड. हे खूप वेळ त्या चपलांची शिवण बघत उभे होते.

पण ह्या गावाने आम्हाला खरा नाद लावला तो दशावताराचा, म्हणजे जत्रेत रात्रभर चालणाऱ्या इकडच्या लोकनाट्याचा. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात, आज ह्या गावाची, उद्या त्या गावाची. पार्सेकर, मोचेमाडकर अशी मंडळांची नावं लोक क्रिकेटच्या संघांसारखी घेतात. पालखी वगैरे होऊन नाटक उभं राहायला मध्यरात्र होते. आम्ही बार्शीची माणसं, दहाला झोपणारी. पहिल्या जत्रेला मफलर, शाल, थर्मासमध्ये चहा अशा जय्यत तयारीनिशी गेलो. सिंहासन म्हणजे एक लाकडी बाकडं, त्यावर कापड टाकलेलं. साथीला पायपेटी, पखवाज आणि झांज. लिहिलेली संहिता नाहीच. कथा कोणती ते ठरतं, संवाद ज्याचे त्याने उभ्या उभ्या बोलायचे. मला वाटलं होतं, अडखळतील. राजा आणि दानव एकमेकांना अशी तोडीस तोड उत्तरं देत होते, की मी चहा प्यायला विसरले.

आख्यानाच्या आधी आड दशावतार होतो. गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी येऊन जातात आणि मग वेद पळवणारा संकासुर. तो मालवणीत भटजीची आणि समोर दिसेल त्याची टिंगल करतो. त्या रात्री त्याने कर्जाचा विषय काढला, हप्ते भरता भरता कसं कंबरडं मोडलं वगैरे. मागून कुणीतरी मोठ्याने ओरडलं, "मॅनेजर बसले आसत हंय!" संकासुर थांबला, ह्यांच्याकडे वळला, कोपरापासून हात जोडले आणि म्हणाला, "वेद परत देतंय, पण माजा कर्ज माफ करा." सगळा मांडव हसला. ह्यांनी हात वर करून नमस्कार केला आणि बसल्या जागी म्हणाले, "अर्ज करा." त्यावर पुन्हा हशा. पुढे कितीतरी दिवस शाखेत येणारा माणूस पासबुक पुढे सरकवताना "अर्ज करू काय?" असं विचारत होता. घरी तर विचारूच नका. पहाटे दहीकाला झाला, काल्याची दहीहंडी फुटली आणि आम्ही थंडीत कुडकुडत स्कूटरवरून परत आलो, तर वाटेत तीनदा मला विचारलं, "अगं, वेळेवर सुचलं की नाही?" सुचलं हो, सुचलं.

पाहुणे आले की त्यांना बंदर, डच वखार दाखवतो आणि मग कचरा डेपोवर नेतो. थट्टा नाही. नगरपरिषदेने त्या जागेचं स्वच्छ भारत पर्यटन स्थळ केलंय. ओला कचरा, प्लास्टिक, काच-धातू सगळं वेगवेगळं, ओल्यापासून बायोगॅस, आणि वास नाही. माझा भाऊ चिडला होता, एवढ्या लांब कचरा बघायला आणलं म्हणून. मग तासभर तिथून हलेना.

इथल्या फळ संशोधन केंद्राचा मान मोठा आहे. ते १९५७ सालचं. नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना आंबा त्यांनी काढला, मग त्याच रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून सिंधू. सिंधूची कोय अगदी पातळ, नावाला असते. काजूच्या जातींना तर वेंगुर्ला-१, वेंगुर्ला-४ अशी गावाचीच नावं आहेत. हे सगळं मला ह्यांच्याकडून कळलं, कारण जुलैत एक दिवस ते कलमं घेऊनच घरी आले. वेंगुर्ला-४, दोन. मी म्हटलं, "अहो, घर भाड्याचं आहे. कलमाला काजू धरायला तिसरं वर्ष उजाडतं, त्याआधी तुमची बदली होईल." म्हणाले, "काकी खातील." आणि भर पावसात, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं घेऊन, दोन्ही कलमं विहिरीच्या बाजूला लावली. काकी दुपारी आल्या, कमरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाल्या, "हंय नको, मॅनेजरानू. सावली पडता." तेव्हा येत्या रविवारी ती तिथून काढून कुंपणाच्या कडेला हलवायची आहेत. ह्यांची कंबर धरलीय, त्यामुळे खड्डे मी खणायचे असं ठरलंय. पहार काकींची.