फिरता माइक

नौपाड्यातल्या आमच्या व्याख्यानांना माझ्याकडे फिरता माइक असतो. वक्त्याचं बोलणं संपलं की हात वर होतात आणि मी रांगांमधून वाट काढत सुटते. "प्रश्न विचारा, भाषण नको," असं अध्यक्ष दर वेळी बजावतात. ऐकतंय कोण!

परवा विद्यापीठातल्या एक बाई कोकणच्या शिलाहार राजांच्या काळातल्या शिलालेखांवर बोलल्या. पहिला प्रश्न ठरलेलाच: मराठीतला सगळ्यात जुना लेख कोणता? ऑक्टोबर २०२४मध्ये अभिजात दर्जा जाहीर झाल्यापासून या प्रश्नाला जास्तच जोर आलाय. बाईंनी श्रवणबेळगोळ सांगितलं, मग अलिबागजवळचं अक्षी. अक्षीच्या लेखातला शक अभ्यासक शं. गो. तुळपुळ्यांनी ९३४ वाचला, म्हणजे इ. स. १०१२, सगळ्यांना तो मान्य नाही. "मग नक्की काय धरायचं?" मागून एक काका. आपल्याला इतिहासातही पहिला नंबर कोणाचा ते लागतंच.

मला विचाराल तर खरी गंमत परळच्या लेखात. शके ११०८, राजा अपरादित्य. दानाचा मजकूर संस्कृतात आणि दान मोडणाऱ्याला दिलेला शाप मात्र मराठीत, तोही आईवरून, गाढवासकट! बाई अर्थ सांगता सांगता जरा अडखळल्या. पुढच्या रांगेतल्या आज्यांना तोवर कळलं होतं, त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. जमीन बळकावणाऱ्याला धमकी समजायला तर हवी. सरकारी नोटिसा लिहिणाऱ्यांनी हा दगड एकदा वाचावाच.

असे शापाचे दगड, म्हणजे गधेगळ, कोकणात बरेच सापडतात. वर चंद्रसूर्य, खाली गाढवाचं ते शिल्प, आणि लेख असलाच तर मध्ये. कित्येकांवर अक्षरच नसतं.

मग मुरबाडकडचे एक आजोबा उठले. माइक उलटा धरून म्हणाले, "आमच्या देवळामागं असाच दगड आहे. आम्ही शेंदूर लावतो, नारळ फोडतो." बाई खुर्चीतून उठून थेट त्यांच्याजवळ गेल्या. अक्षरं आहेत का? किती ओळी? आजोबांना सांगता येईना. तेव्हा बाईंनी दगड वाचायची पद्धत समजावली. खडू, पीठ, रंग काहीही चोळायचं नाही. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाच्या कडेला, जवळजवळ टेकवून धरायचा; आडव्या उजेडात खाचांची सावली पडते आणि झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायचा. आणि शेंदूर? "तो गावाचा आहे. गावाला विचारल्याशिवाय हात लावू नका."

हे पाच मिनिटांचं बोलणं मला तासाभराच्या व्याख्यानापेक्षा मोलाचं वाटलं. वेळ संपल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी दोनदा पाठवली, मी ती दोन्ही वेळा पर्समध्ये टाकली.

पुढचं व्याख्यान मोडी लिपीवर आहे. घरची ट्रंकभर मोडी कागदपत्रं घेऊन येऊ का, असा एका गृहस्थांचा आत्ताच फोन आला. एकच कागद आणा, म्हटलं.