‘विश्लेषण अजून खोल हवं’ म्हणजे नक्की काय?

पीएचडीच्या मसुद्यांच्या समासात गाइडने लिहिलेलं हे वाक्य हमखास सापडतं आणि त्याचा उपयोग जवळपास शून्य. कुठे खोल, कशाने खोल? विद्यार्थी तीन आठवडे सगळं प्रकरण उकरत बसतो, बरी पानंही बिघडवतो, आणि पुढच्या खेपेला तोच शेरा परत येतो.

तीच टीका अशी लिहून बघा: ‘पान 14 ते 19. सहा परिच्छेद, सहाही संशोधकाच्या नावाने सुरू. ही यादी झाली. यांच्यात कोणाचं कोणाशी पटत नाही ते शोध, दोन गट पाड, आणि तुझा प्रश्न कोणत्या गटाची अडचण करतो ते शेवटी लिही.’ लागते हीसुद्धा, कदाचित जास्तच. पण काम कुठून सुरू करायचं ते कळतं, आणि हुरूप बहुतेकदा त्यावरच टिकतो.

क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांनी 1996 साली फीडबॅकवरचे आधीचे प्रयोग एकत्र तपासले. सरासरीने काम सुधारलेलं दिसलं, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी ते घसरलं होतं. त्यांच्या मते लक्ष कामावरून ‘मी कसा आहे’कडे वळलं की नुकसान होतं. म्हणजे ‘तू निष्काळजी आहेस’ जितकं घातक, तितकंच ‘तू फार हुशार आहेस’ हेही बेभरवशाचं.

मग धीर द्यायचा कसा? आधी गोड, मध्ये कडू, शेवटी परत गोड, हा प्रकार विद्यार्थी दुसऱ्या भेटीतच ओळखतात आणि पुढे खऱ्या कौतुकावरही विश्वास ठेवत नाहीत. त्यापेक्षा दोन गोष्टी स्पष्ट सांगा: अपेक्षा उंच आहे, आणि ती तुला झेपेल. ‘झेपेल’ला मात्र पुरावा हवा: ‘मुलाखतींच्या प्रकरणातली सँपलची मर्यादा तू स्वतःच पकडली होतीस, तीच नजर इथे लाव.’

क्रम चुकला तर नेमकी टीकाही वाया जाते. समासात साठ कमेंट, त्यातल्या पन्नास स्वल्पविरामांवर, आणि ‘या डेटावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही’ ही सत्तेचाळिसावी! विद्यार्थी स्वल्पविराम दुरुस्त करून आणतो, कारण ते जमण्यासारखं असतं. पहिल्या मसुद्यात फक्त प्रश्न, रचना आणि पुरावा बघा, आणि मोठे मुद्दे तीनच ठेवा. भाषेला नंतर हात लावला तरी चालतं. जे पानच उडणार आहे त्याचं व्याकरण कशाला तपासायचं?

मूळ आराखड्यातच खोट असेल तर ती समासात लिहू नये. समोर बसवून, पहिल्या पाच मिनिटांत सांगावी, आणि त्याच बैठकीत काय वाचवता येईल तेही ठरवावं: प्रश्न आकुंचित करायचा, तुलनेसाठी गट जोडायचा, की दावाच सौम्य करायचा. ‘जरा बघ एकदा’ असं मऊ बोललं की ते ऐच्छिक वाटतं. गाइडने भिडेखातर गिळलेलं वाक्य मग परीक्षक व्हायव्हात, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेत, बोलतात, आणि तेव्हा दुरुस्तीला महिने उरलेले नसतात.

बैठक संपली की विद्यार्थ्यालाच दहा ओळींचं टिपण पाठवायला सांगा: काय ठरलं, आधी काय करणार, कधीपर्यंत. ते त्याच दिवशी वाचा. तीन मोठ्या मुद्द्यांपैकी एखादा त्यात आलाच नसेल, तर तो एकतर कळलेला नाही किंवा पटलेला नाही. फोन करून कोणतं ते विचारा.