‘सिंगम’मधली हजेरीची सही

अजय देवगणचा ‘सिंघम’ कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. तो ज्यावरून घेतला तो तमिळ ‘सिंगम’ २०१० चा, दिग्दर्शक हरी, नायक सूर्या. खलनायक दोन्हीकडे प्रकाश राजच. तिकडे मयिलवाहनम, इकडे जयकांत शिक्रे. गाड्याही दोन्हीकडे उडतात. भांडण पेटतं मात्र एका सहीवरून. चेन्नईच्या गुंडाला, म्हणजे मयिलवाहनमला, जामीन मिळालाय, अट अशी की नल्लूर नावाच्या खेड्यातल्या ठाण्यात येऊन सही करायची. तो स्वतः न येता आपला माणूस पाठवतो. तिथला अधिकारी, म्हणजे सूर्याचा दुरैसिंगम, अडून बसतो, ज्याचा जामीन त्यानंच यायचं.

हिंदीत बघताना खटकतं, एवढा मोठा गुंड शिवगडसारख्या आडगावात सहीला कशाला येईल? तमिळनाडूत यात नवल नाही. तिथली न्यायालयं आरोपीला पुष्कळदा दुसऱ्या गावी राहून तिथल्या ठाण्यात हजेरी द्यायला लावतात, म्हणजे तो साक्षीदारांपासून लांब राहतो. आपल्याकडे बहुधा गुन्हा कोल्हापुरातल्या शाहूपुरीत तर हजेरीही शाहूपुरीत, आठवड्यातले ठरलेले वार, ठरलेली वेळ, बऱ्याचदा दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत. हद्दीत यायलाच बंदी असेल तर गोष्ट वेगळी. रिमेकमध्ये प्रसंग आला, त्यामागची तिकडची रीत तिकडंच राहिली.

बरं, माणूस पाठवला तर खरंच काय होतं? तो आरोपीच्या नावानं सही ठोकत असेल तर तोतयेगिरीचा वेगळा गुन्हा. सही जामीनपत्रावरच्या सहीशी ताडून बघितली की पितळ उघडं पडतं. स्वतःच्या नावानं केली तर ती हजेरीच नव्हे. पण पीआय कितीही डरकाळ्या फोडू दे, जामीन रद्द करणं त्याच्या हातात नाही. तपासी अंमलदारानं अहवाल द्यायचा, सरकारी वकिलांनी अर्ज करायचा, मग न्यायालय आरोपीचं म्हणणं ऐकून ठरवणार. पूर्वी हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) कलम ४३९(२) खाली चालायचं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८३(३) खाली. उच्च न्यायालयानं दिलेला जामीन असेल तरी आता मुंबई गाठायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय.

खऱ्या हजेरीत घोळ होतो तो भलत्याच ठिकाणी. गणपतीचा नाहीतर नवरात्राचा बंदोबस्त लागला की साहेब जागेवर नसतात, आरोपी बाकावर तासभर बसून निघून जातो आणि रजिस्टर कोरं राहतं. पुढं तीच कोरी ओळ त्याच्या विरोधात दाखवली जाते. म्हणून साहेब नसले तर ठाणे अंमलदाराकडं दोन ओळींचा अर्ज द्यायचा, तारीख-वेळ घालून, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. आजारपण असेल तर वकिलामार्फत न्यायालयात अर्ज. ‘साहेबांना फोन करून सांगितलंय’ याला काडीची किंमत नाही, कारण न्यायालयाची अट ठाण्याला माफ करता येत नाही.

आणि सहीच्या भांडणानंतर दोन्हीकडे नायकाची होते ती बदली! तमिळमध्ये दुरैसिंगमला चेन्नईला धाडतात, निदान राज्य आणि पोलीस दल तरी एकच. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला किमान दोन वर्षं हलवू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात सांगितलंय, पण ती कागदावरची अडचण मयिलवाहनमच्या राजकीय ओळखींपुढं कुठं टिकणार? शिवगड महाराष्ट्रातलं धरलं, तर हिंदीतल्या नायकाला, बाजीराव सिंघमला, सरळ गोव्यात कोलव्याला टाकणारा हुकूम कुठल्या टेबलावरून निघाला, हे मात्र रोहित शेट्टीलाच विचारायला हवं.