पस्तीस अंशांचा पाहुणा

आखाजीची, म्हणजे आपल्या खानदेशातल्या अक्षय तृतीयेची दुपार. कडुनिंबाला बांधलेला झोका, माहेरी आलेल्या पोरी, घरात आमरस-पुरणपोळी, ओट्यावर पत्त्यांचा डाव. झोका उंच गेला की व्हिडिओ हवाच असतो, आणि नेमकी तेव्हाच पडद्यावर चौकट येते: फोन गरम झाला आहे, थंड होऊ द्या. फ्लॅशने तर आधीच मान टाकलेली असते. कोणी पदराने वारा घालतं, कोणी फुंकर मारतं, आणि खाटेवरची म्हातारी निकाल देऊन मोकळी होते, "तपी गया तो. त्याले बी ऊन लागस."

निदान अचूक आहे. फोनबरोबर येणारं माहितीपत्रक वाचणारा माणूस सहसा सापडत नाही, पण त्यात हेच लिहिलेलं असतं. आयफोनच्या कागदावर वापरायची हवा 0 ते 35 अंश सेल्सिअस अशी आहे आणि बऱ्याच इतर कंपन्यांचा आकडाही त्याच्याच आसपास. आता पस्तीस अंश म्हणजे आपल्याकडे काय? फेब्रुवारीच्या अखेरची दुपार, नाहीतर मे महिन्यातली रात्री दहाची वेळ, जेव्हा माणसं 'आता जरा बरं वाटतंय' म्हणत अंगणात खाट टाकतात. गंमत पुढे आहे. बंद करून नुसता ठेवायचा असला तरी त्या कागदावरची मर्यादा 45 अंशांचीच. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळिशी ओलांडतो, आणि तो आकडा सावलीतला असतो. कागदोपत्री पाहिलं तर त्या दिवसांत फोन बंद करून पत्र्याच्या खोलीत ठेवणंही नियमाबाहेर!

या 45 आकड्याला अर्थ आहे. फोनमधली लिथियम-आयन बॅटरी साधारण 0 ते 45 अंशांच्या दरम्यानच नीट चार्ज करायची असते. इथे अंश मोजायचे ते हवेचे नव्हे, बॅटरीच्या पोटातले. त्यासाठी बॅटरीला तिळाएवढा एक थर्मिस्टर चिकटवलेला असतो. तो ताप सांगतो आणि फोन त्याप्रमाणे हात आखडता घेतो. चार्जिंगचा करंट घटतो, पडद्याचा उजेड उतरतो, फ्लॅश बंद होतो, प्रोसेसर मंदावतो. क्रम कंपनीप्रमाणे मागेपुढे होतो, पण खोड सगळ्यांची एकच. थंड गावात या तापाला वर चढायला वीस अंशांची शिडी असते. आपल्याकडे वायर लावण्याआधीच फोन शेवटच्या पायरीवर उभा असतो.

म्हणून भर दुपारी तासभर चार्जिंगला लावूनही आकडा 41 टक्क्यांवरून 46 टक्क्यांवर रेंगाळतो, आणि घरात एकच वाक्य ऐकू येतं: चार्जर गेला. लगेच नवा आणायला पळू नये. तोच चार्जर, तीच वायर पहाटे सहाला लावून पाहावी. पहाटे फोन सरसर भरला तर चार्जर निर्दोष आहे, गुन्हेगार सूर्य. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर डायल पॅडवर *#*#४६३६#*#* दाबलं की चाचणीचं पान उघडतं, जुन्या फोनवर त्यातल्या बॅटरीच्या माहितीत तापमान दिसतं. नव्या फोनवर बहुधा ती माहिती नसते आणि काही कंपन्यांनी ते पानच झाकून टाकलंय. तिथे हाताचा तळवा हाच थर्मामीटर. मागची बाजू तळव्यावर धरवत नसेल तर चार्जिंग काढावं, एवढं पुरे.

फोन सगळ्यात जास्त तापतो तो मोटारसायकलच्या हँडलवर. काळी काच, वर थेट ऊन, नकाशा चालू, उजेड पूर्ण, जीपीएस चालू, त्यात भर म्हणून गाडीच्या चार्जरची वायर लावलेली. चहूबाजूंनी आग. धुळ्याहून जळगावकडे महामार्गाने निघालेल्याचा पडदा वाटेतच काळवंडायला लागतो, आणि तो नेमका उन्हात, म्हणजे उजेडाची सगळ्यात जास्त गरज असताना. थरथरीचा हिशेब वेगळाच. मोटारसायकलच्या इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्यातली लेन्स स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलनेच 2021 साली दिला होता. रस्ता ऐकायचा असेल तर आवाज चालू ठेवून फोन खिशात टाकावा. खिसाही छातीवरच्या बंडीचा नको, घामाने चिंब असतो. आणि सातपुड्यात, तोरणमाळच्या वाटेवर रेंज नसेल तिथे सरळ विमान मोड लावावा. टॉवर सापडेना की फोन जोर लावून हाका मारत राहतो, आणि हाका मारणाऱ्याला घाम फुटतोच.

बंद मोटारीत समोरच्या काचेखाली फोन विसरणं म्हणजे त्याला भट्टीत ठेवणं. बाहेर त्रेचाळीस असताना आत डॅशबोर्डवर साठीच्या वर सहज जातं.

तापलेल्या फोनवर घरगुती उपचार खूप, आणि निम्मे चुकीचे. फ्रीजमध्ये ठेवायचा नाही. आतून पाच-सहा अंशांना गार होऊन आलेला फोन बाहेर काढला की काचेवर आणि आत पाण्याचा दव धरतो, गार तांब्याला घाम येतो तसा. उन्हाळ्यात आपली बाहेरची हवा कोरडी खरी, पण कूलरच्या खोलीतली हवा ओली असते, म्हणजे दव धरायला सगळी सोय घरातच. माठाला टेकवून ठेवणं, ओल्या फडक्यात गुंडाळणं याचंही तेच. कूलरच्या वाऱ्यात ठेवायला हरकत नाही, फक्त तोंडाशी नको. वाळ्यातून येणारे तुषार अंगावर आले की माणूस सुखावतो, चार्जिंगच्या जॅकला ते मानवत नाहीत. साधा पंखा आणि सावली सगळ्यात चांगली.

पण पहिलं काम कव्हर काढायचं. पुस्तकासारखं उघडणारं रेक्झिनचं कव्हर म्हणजे फोनची गोधडी. गोधडीच्या आत आणखी काय काय निघतं म्हणून सांगावं! शंभराची नोट, आधारची घडी, देवाचा फोटो, सातबाऱ्याची झेरॉक्स. आतली उष्णता मागच्या पाठीतून बाहेर पडायची असते आणि तिथे आपण तिजोरी उघडलेली. चार्जिंगला लावताना एवढं तरी सोलून काढावं आणि फोन गादीवर, उशीवर ठेवू नये. फरशीवर किंवा पालथ्या घातलेल्या स्टीलच्या ताटावर ठेवावा. ताट उष्णता ओढून घेतं, कापूस ती धरून ठेवतो.

बॅटरीच्या बाबतीत ताप आणि पोटभर जेवण ही जोडी सगळ्यात वाईट. गरम असताना नव्वद-शंभर टक्क्यांवर तुंबलेली बॅटरी झपाट्याने म्हातारी होते. 40 अंशांत वर्षभर पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी साधारण 35 टक्के ताकद गमावते. तीच निम्म्याहून कमी भरलेली असली तर नुकसान साधारण 15 टक्क्यांवर थांबतं. म्हणून हल्ली बऱ्याच फोनमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय आली आहे. सेटिंगमध्ये बॅटरी, त्यात बॅटरी प्रोटेक्शन किंवा चार्जिंग लिमिट. मार्चमध्ये चालू करावी आणि मृगाचा पाऊस पडला की हवी तर काढावी. थंड गावात ती सोय वर्षभर शोभेची असेल, आपल्याला चार महिने औषध आहे.

न ऐकणाऱ्याची बॅटरी फुगते. आतल्या रसायनांची आपसात झटापट होऊन गॅस धरतो आणि चपटी बॅटरी पापडासारखी टरारते. आधी खूण पडद्याच्या कडेला दिसते, एका बाजूने काच उचलल्यासारखी वाटते. खात्री करायची तर फोन काचेच्या टेबलावर पाठीवर ठेवून बोटाने गिरकी द्यावी. सपाट पाठ घासून थांबते, फुगलेली भोवऱ्यासारखी फिरते. (कॅमेऱ्याचा उंचवटा असलेल्या फोनवर ही युक्ती चालत नाही, तिथे कडा पाहाव्यात.) फिरला, तर त्या क्षणापासून चार्जिंग बंद. दाबून बसवायचा नाही, टोकदार काही घुसवायचं नाही, आणि काढलेली बॅटरी उकिरड्यावर तर अजिबात नाही.

जुन्या फोनमध्ये या आजाराला डॉक्टर लागत नसे. नखाने झाकण काढायचं, बॅटरी विजारीवर घासायची, परत बसवायची. अर्धे फोन तेवढ्याने सुधारत, निदान आपली तशी समजूत तरी होती. आता डिंकाने चिकटवलेली पाठ उघडायला हीट गन लागते. युरोपात 18 फेब्रुवारी 2027 पासून वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी बॅटरी द्यायचा नियम लागू होतोय. तिथल्या पंचवीस अंशांच्या उन्हाळ्यात ती किती जण काढतील कोण जाणे. नखं वाढवून तयार बसलोय ते आपण.

उन्हाखालोखाल आपला दुसरा खास त्रास कापसाचा. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू झाली की घरात, अंगणात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, जिनिंगच्या वाटेवर सगळीकडे रुईचे तंतू उडत असतात आणि शेवटी खिशात जमतात. खिशात फोन, फोनच्या बुडाला चार्जिंगचं भोक. सी-टाइपचं हे भोक सव्वाआठ मिलिमीटर रुंद आणि जेमतेम अडीच मिलिमीटर उंच. एक तंतू आत जातो, रात्री पिन लावली की ती त्याला तळाशी रेटते. उद्या दुसरा. दोन महिन्यांत तळाला नमद्यासारखा घट्ट थर बसतो. मग पिन पूर्ण आत जात नाही, टक आवाज येत नाही, जरा धक्का लागला की चार्जिंग सुटतं. वायरीवर वाटी ठेव, फोन भिंतीला टेकव, वायरीला पीळ दे, असे प्रयोग सुरू होतात. दुकानात 'पिन लूज झाली, सीसी बोर्ड बदलावा लागेल' (म्हणजे चार्जिंगचं भोक असलेली आतली पट्टी) असंही ऐकायला मिळतं. कधी ते खरं असतं. पण आधी आत डोकवावं.

दुसऱ्या फोनचा टॉर्च धरून पाहिलं की मधोमध एक पातळ जीभ दिसते. तिच्या दोन्ही अंगांना बारा-बारा असे चोवीस संपर्क असतात, आणि सगळी नाजुकता त्या जिभेत. फोन बंद करावा, तोंड खाली धरावं. लाकडी टूथपिकचं टोक ब्लेडने तासून चपटं करावं. जीभ आणि भिंत यांच्यामधून, भिंतीला चिकटून, एका कोपऱ्यापासून हलकेच खरवडत यावं. जिभेवर दाब द्यायचा नाही. पहिल्या दोन-तीन खेपेला काही येत नाही आणि माणूस नाद सोडतो. चौथ्या खेपेला कोपरा सुटतो आणि राखाडी रंगाची सबंध गादी बाहेर येते, भोकाच्या मापाची, कडांसकट. एवढा कापूस आत होता यावर घरातल्यांचा विश्वास बसत नाही. सेफ्टी पिन, सुई, कंपासचं टोक वापरायचं नाही. दोन संपर्क जुळले की मग खरंच बोर्ड बदलावा लागतो. तोंडाने फुंकर नको, थुंकी उडते. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर तर मुळीच नको. त्या हवेत पाण्याचे थेंब असतात आणि दाब एवढा की माइकची जाळी आत जाते.

साफ करूनही पिन डुगडुगत असेल तर वायर बदलून पाहावी, मग बोर्ड. झपाट्याने चार्ज होणाऱ्या फोनला बहुधा कंपनीचा चार्जर आणि कंपनीची वायर दोन्ही लागतात. एक बदललं तरी वेग पडतो. बाजारात वायरीवर 65 वॅट छापलेलं असतं, छापायला शाई तेवढीच लागते.

राहता राहिली बोटं. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत काम करणाऱ्याच्या हाताला चीक लागतो, काळा डाग धरतो आणि आठवडा-आठवडा जात नाही. कापूस वेचणाऱ्या बायांची बोटं बोंडाच्या टोकांनी फाटलेली. अंगठ्याच्या रेषाच पुसट, मग फोन ओळखणार कसा? यावर उपाय म्हणजे एकच बोट दोनदा नोंदवायचं, एकदा कामाच्या दिवसांत, एकदा हात बरे असताना. कामाचा हात सोडून दुसऱ्या हाताची करंगळी नोंदवली तर आणखी चांगलं, ती सहसा कामाला लागत नाही. पडद्याखालचा सेन्सर असेल आणि वर नवी काच बसवली असेल तर टच सेन्सिटिव्हिटी वाढवून सगळी बोटं नव्याने नोंदवावी लागतात, हे काच बसवणारा सांगत नाही.

पहाटे चारला धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, गारवा उतरतो. झोपलेल्यांच्या उशाशी, कव्हर काढून पालथ्या ताटावर ठेवलेला फोन त्या वेळी तासाभरात भरतो. सहाला ऊन भिंतीवर आलं की वायर काढायची.