लग्नाची पंचविशी बाल्कनमध्ये: ग्रुप टूर घ्यावी की आपलं आपण जावं?

९ मे २०२४ ला आमच्या लग्नाला २५ वर्षं झाली. हॉल, केटरिंग, दोनशे माणसं यातलं काही नको हे दोघांचंही आधीच ठरलेलं होतं, त्या पैशात कुठेतरी लांब जाऊ म्हटलं, आणि नवऱ्याच्या मनात कॉलेजच्या दिवसांपासून बोस्नियाची राजधानी सारायेव्हो होतं कारण तेव्हा तिथल्या युद्धामुळे पेपरात रोज ते नाव यायचं. मला समुद्र हवा होता. नकाशा उघडल्यावर दोन्ही एकाच ट्रिपमध्ये बसतंय असं दिसलं आणि मग घरात दोन महिने एकच चर्चा, टूर की आपलं आपण.

माझ्या जाऊबाई आदल्या वर्षी ग्रुप टूरने बाल्कनला, म्हणजे युरोपच्या आग्नेय भागात, जाऊन आल्या होत्या. त्यांना खरंच छान अनुभव आला, रात्रीला वरणभात, सामान उचलायचं टेन्शन नाही, बसमध्ये आपली माणसं, अंताक्षरी. त्यांचा कार्यक्रम मी मागून घेतला आणि वहीत प्रत्येक गावापुढे तिथे प्रत्यक्ष मिळालेला वेळ लिहून काढला. १२ दिवस, सात देश. मोस्तारला जेवणासकट दोन तास. कोटोरला दीड तास. सारायेव्होला एक रात्र, तीही पोचेपर्यंत अंधार. तो कागद बघून आमचं ठरलं की पंचविसाव्या वर्षी तरी घड्याळ बघत फिरायचं नाही. पण एक सांगते, बरोबर सत्तरीचे आई-वडील असतील, किंवा जेवणाचे नियम कडक असतील, किंवा बॅग ओढणं जमणार नसेल, तर टूरच घ्या, त्यात काहीही कमी नाही.

आम्ही मधला मार्ग काढला. राहणं, बस, ट्रेन सगळं स्वतः बुक केलं आणि जिथे माहिती नसेल तर नुसते दगड दिसतील अशा ठिकाणी तेवढ्या एका दिवसापुरता लोकल गाईड घेतला. हे सगळ्यात चांगलं जमलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

रूट असा होता: क्रोएशियात झाग्रेब १ रात्र, प्लिट्विट्से १, स्प्लिट २, मग बोस्नियात मोस्तार २, सारायेव्हो २, मॉन्टेनेग्रोत कोटोर ३, आणि परत क्रोएशियात दुब्रोव्निक २. विमान मुंबई-इस्तंबूल-झाग्रेब, परत दुब्रोव्निकहून. जायचं एका गावी आणि परतायचं दुसऱ्या गावाहून असं तिकीट काढलं की एक अख्खा दिवस वाचतो. २० मेला आमच्याकडे मतदान होतं, त्याच्या आत घरी यायचं हेही ठरलेलं होतं.

आता व्हिसा, कारण इथेच लोक अडकतात. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि तिथे युरो चालतो. बोस्निया आणि मॉन्टेनेग्रो शेंगेनमध्ये नाहीत, पण शेंगेन व्हिसा हातात असेल तर आपल्याला तिथे ३० दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र तो मल्टिपल एंट्री हवा. आमच्या रूटमध्ये क्रोएशियातून बाहेर पडून बोस्निया, मग मॉन्टेनेग्रो आणि परत क्रोएशिया, म्हणजे शेंगेनमध्ये दोनदा शिरायचं. एका एजंटने आम्हाला ‘सिंगल एंट्री टाका, पटकन मिळतो’ असं छातीठोकपणे सांगितलं होतं. त्याचं ऐकलं असतं तर बोस्नियाच्या नाक्यावरच गाडी अडली असती आणि पुढची सगळी बुकिंगं गेली असती. फॉर्ममध्ये मल्टिपल वर टिक करा, आणि सोबत दिवसवार कार्यक्रम जोडा ज्यात दुसऱ्यांदा कुठे आणि कधी शिरणार ते स्पष्ट दिसेल. फी आता ९० युरो झालीये, सर्व्हिस चार्ज वेगळा. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो, तो घेताना बोस्निया आणि मॉन्टेनेग्रोही कव्हर होतायत ना ते बघा, नुसता ‘शेंगेन’ लिहिलेला घेऊ नका. अल्बानियाही करणार असाल तर तिथे शेंगेन व्हिसा आधी एकदा वापरलेला असावा लागतो, म्हणून सुरुवात क्रोएशियातूनच करा. आणि हे नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या आधी त्या-त्या देशाच्या सरकारी साईटवर एकदा स्वतः वाचा.

झाग्रेबबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, झोप काढायला बरं. प्लिट्विट्से मात्र अप्रतिम, एकातून एक ओसंडणारी सोळा तळी, लाकडी पुलांवरून चालायचं, पायाखालून पाणी वाहत असतं आणि मे महिन्यात धबधबे भरभरून असतात. तिकिटावर आत शिरायची वेळ छापलेली असते त्यामुळे आधी ऑनलाईन काढा. जूनपासून तिकीट बरंच महाग होतं, हे मे मध्ये जायचं अजून एक कारण. आम्ही तिथेच मुक्काम केला आणि सकाळी पहिल्या वेळेत आत गेलो, दहानंतर बसेस यायला लागल्या की पुलांवर रांग लागते. स्प्लिटमध्ये रोमन सम्राट डायोक्लेशनचा राजवाडा आहे, साधारण सतराशे वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्या भिंतींच्या आत आजही लोक राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. तिथे गाईड घेतला नाही, नुसतं भटकलो.

स्प्लिटहून मोस्तारला बस. डिकीत बॅग ठेवायचे एक-दोन युरो ड्रायव्हर वेगळे घेतो, रोख आणि सुटे, तेव्हा नाणी खिशात ठेवा. सीमेवर सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून नेतात आणि आपण बसमध्ये बसून राहायचं, आमचे दोघांचे सगळ्यात शेवटी आले, तेवढा वेळ जीव टांगणीला लागला पण काही प्रश्न विचारले नाहीत.

मोस्तार. ८ आणि ९ मे आम्ही मुद्दाम इथे ठेवले होते. नेरेत्वा नदीवरचा तो जुना कमानीचा पूल, स्तारी मोस्त, १५६६ मध्ये उस्मानी तुर्कांच्या राजवटीत बांधला, ४२७ वर्षं टिकला आणि ९ नोव्हेंबर १९९३ ला बोस्नियाच्या युद्धात तोफांनी पाडला. २००४ मध्ये परत उभा केला, त्याच पद्धतीने, तिथल्याच दगडात. दिवसा अकरा ते चार या वेळात पुलावर पाय ठेवायला जागा नसते, दुब्रोव्निक आणि स्प्लिटहून दिवसाच्या सहली येतात. पुलावरून उडी मारणारी मुलं कठड्यावर उभी असतात, पुरेसे पैसे जमले की मगच उडी, त्यामुळे ताटकळायची तयारी ठेवा. पाच वाजले की बसेस जातात आणि गाव शांत होतं. रात्री साडेनऊला आम्ही परत पुलावर गेलो तेव्हा एक म्हातारे जोडपं आणि एक मांजर, बस्स. पुलाचा दगड इतका गुळगुळीत झालाय की आडव्या पट्ट्या बसवल्यात, त्या पट्ट्यांवर पाय टाकत, एकमेकांना धरून वर चढायचं. खाली पाण्याचा आवाज. आम्ही अर्धा तास काहीही न बोलता उभे होतो. जाऊबाईंच्या टूरमध्ये हा अर्धा तास असूच शकला नसता, आणि मला विचाराल तर अख्ख्या ट्रिपचे पैसे तिथे वसूल झाले.

आम्ही एका बाईंच्या घरी खोली घेतली होती. ९ तारखेला सकाळी त्यांना कळलं की आज आमच्या लग्नाचा वाढदिवस, तर त्या आत गेल्या आणि तांब्याच्या ताटलीत कॉफी घेऊन आल्या. जेझ्वा म्हणजे लांब दांडीचं छोटं तांब्याचं भांडं, कान नसलेला इवलासा कप, साखरेचा खडा कॉफीत बुडवून त्याचा तुकडा तोडायचा आणि वर घोट घ्यायचा. बाजूला वाटीत गुलाबी काहीतरी होतं. चमचाभर तोंडात टाकलं आणि मी नवऱ्याकडे बघितलं, गुलकंद! नाव विचारलं तर म्हणाल्या जुलबेशेचेर. गुल आणि शक्कर, तेच शब्द. मग आम्ही तासभर शब्दच शोधत बसलो, त्यांचं दुचान म्हणजे आपलं दुकान, मेयदान म्हणजे मैदान. फारसी-तुर्कीतून तिकडेही गेले आणि आपल्याकडेही आले. त्यांना इंग्रजी मोजकंच येत होतं तरी निघताना त्यांनी मला मिठी मारली.

मोस्तारहून सारायेव्होला ट्रेनने जा. दोन तास लागतात, नेरेत्वाच्या काठाकाठाने, बोगद्यांतून, आणि गाड्या दिवसात मोजक्याच आहेत म्हणून वेळ आधी बघा. आम्ही गेलो त्यानंतर पाचच महिन्यांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, याब्लानित्साजवळ पूर आणि दरडी आल्या, माणसं गेली, आणि ज्या रुळांवरून आम्ही आलो ते हवेत लोंबकळतानाचे फोटो बघून पोटात गोळा आला. त्यामुळे निघताना त्या दिवशी गाडी चालू आहे ना हे स्टेशनवर विचारूनच घ्या.

सारायेव्होत गाईड घ्याच. इथे पैसे वाचवू नका. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, १४२५ दिवस या शहराला वेढा होता. आमची गाईड तेव्हा शाळेत होती. तिने रस्त्यात एका जागी थांबवून जमिनीकडे बोट दाखवलं, तोफगोळ्याने पडलेला फुलासारखा खड्डा आणि त्यात भरलेला लाल रंग, त्याला ‘सारायेव्होचा गुलाब’ म्हणतात, तिथे माणसं मेली होती. आम्ही एकटे असतो तर त्यावर पाय देऊन पुढे गेलो असतो. मग विमानतळाजवळचा बोगदा, १९९३ मध्ये धावपट्टीच्या खालून खणलेला, जवळपास ८०० मीटर, आता थोडाच भाग बघता येतो, आत वाकून चालावं लागतं. तिने सांगितलं की पीठ, औषधं, जखमी माणसं, सगळं यातूनच. नवऱ्याने तिला सांगितलं की १९९२ मध्ये इथे आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले प्रमुख लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते, आमच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी. सारायेव्होच्या बातम्यांत तो हेच नाव शोधायचा. दुसरी सकाळ बाश्चार्शिया या जुन्या बाजारात आणि लॅटिन ब्रिजवर, ज्याच्या टोकाशी २८ जून १९१४ ला ऑस्ट्रियाच्या राजपुत्राचा खून झाला आणि पहिलं महायुद्ध पेटलं, तिथे आपलं आपण फिरा. डोंगरात मात्र पायवाट सोडून अजिबात जाऊ नका, बोस्नियात अजूनही काही ठिकाणी सुरुंग आहेत.

शाकाहारी लोकांसाठी: बोस्नियात नुसतं बुरेक (पातळ पापुद्र्यांत सारण भरून भाजलेला पदार्थ) म्हटलं की मटण किंवा बीफच येतं. सिर्निट्सा म्हणजे चीजचं, झेल्यानित्सा पालकाचं, क्रोम्पिरुशा बटाट्याचं, ही तीन नावं पाठ करा, सोबत पातळ दही देतात. ‘बेझ मेसा’ म्हणजे मांसाशिवाय. मॉन्टेनेग्रोत काचामाक मिळतं, आपल्या उकडीची मक्याची बहीण, चीज घालून. थेपले आणि मेतकूट नेलं होतं, निम्मं परत आलं.

सारायेव्हो ते कोटोर बसने जाऊ नका असं माझं मत. आम्ही ड्रायव्हरसकट गाडी केली, २०० युरोच्या आसपास, आणि पिवा नदीच्या दरीतून गेलो. सीमेवर तारा नदीवर लाकडी फळ्यांचा एकेरी पूल आहे, एका वेळी एकच गाडी, आणि मग धरणाच्या हिरव्या पाण्याच्या कडेने बोगद्यामागून बोगदे. पाच वेळा थांबलो असू.

कोटोरला किल्ल्याच्या १३५० पायऱ्या आहेत. नवऱ्याचा गुडघा दुखतो म्हणून अर्ध्या वाटेवरच्या चर्चपर्यंतच गेलो, तिथूनही अख्खं आखात दिसतं. सकाळी आठच्या आत चढा. तीन रात्री ठेवल्या ते बरं झालं, कारण क्रूझ आली की गाव बुजबुजतं आणि संध्याकाळी ती गेली की गाव परत आपलं.

पेरास्टला नक्की जा, कोटोरहून १२ किलोमीटर, किनाऱ्यावरून होडीने एका बेटावर जायचं जे खलाशांनी दगड टाकून-टाकून तयार केलंय. आजही दरवर्षी २२ जुलैला लोक होड्यांतून दगड नेऊन टाकतात. चर्चमध्ये एक भरतकाम आहे, यासिंता कुनिच नावाच्या बाईचं. नवरा समुद्रावर गेलेला, त्याची वाट बघत तिने ते २५ वर्षं विणलं, सोन्याचांदीच्या तारांबरोबर स्वतःचे केस वापरून, आणि शेवटी तिची दृष्टी गेली असं सांगतात. देवदूतांचे केस बघा, तिच्याच डोक्यावरचे, आधी गडद आणि मग पांढरे होत गेलेले. मी तिथे खूप वेळ थांबले. आमच्या मागे एक मोठा ग्रुप आला आणि दहा मिनिटांत गेला, त्यांना वरच्या खोलीत ते आहे हे कुणी सांगितलंही नाही.

दुब्रोव्निक सगळ्यात महाग, २०२४ मध्ये तटबंदीवर चालायचेच ३५ युरो होते, जवळजवळ दोन किलोमीटरची फेरी. सकाळी आठला दार उघडतं तेव्हा जा, सावली नाही. शहराबाहेर राहिलात तर पैसे वाचतात. कोटोरहून येताना सीमेवर आम्हाला दोन तास लागले, आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या नाक्यांवर फोटोसकट नोंदणीची नवी पद्धत सुरू झालीये, तेव्हा कोटोरहून थेट विमानाला जायचा बेत करू नका, मधे एक रात्र ठेवाच.

बोस्नियातले कन्व्हर्टिबल मार्क, दोनला साधारण एक युरो, तिथेच संपवा, बाहेर कुणी घेत नाही. क्रोएशियाचं सिम पुढच्या दोन देशांत त्याच दरात चालेलच असं नाही, तिन्ही देशांचं ई-सिम घ्या. चाकाच्या मोठ्या बॅगा जुन्या गावांच्या दगडी गल्ल्यांत नकोशा होतात. खर्च दोघांचा मिळून विमान, व्हिसा सगळं धरून सव्वाचार लाखांच्या आत, टूरचा कोट याहून थोडा जास्त होता. जुलबेशेचेरची एक बाटली त्या बाईंनी बांधून दिली होती, ती चेक-इन बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळून आणली आणि जाऊबाईंना अर्धी दिली.