अण्णांच्या विसरण्यामागं दोन कारणं निघाली : माझा अनुभव

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सुरू झालं ते आपण नेहमी ऐकतो तसं नव्हतं. नावं सगळी आठवायची, नातवंडांचे वाढदिवस पाठ. बिघडलं ते कामाचं. चहा करायला गॅस पेटवून उभे राहायचे आणि पुढं काय करायचं तेच सुचायचं नाही, पातेलं हातात. बँकेची स्लिप भरायला अर्धा तास. हा माणूस चादरीच्या कारखान्यात तीस वर्षं जॉबर, म्हणजे मागांची देखभाल बघणारा, होता, शेडमध्ये पाय ठेवल्या ठेवल्या नुसत्या आवाजावरून कुठल्या मागात बिघाड आहे ते सांगायचा, त्यामुळं मला ते बघवायचं नाही.

आधी घराजवळच्या डॉक्टरांकडं गेलो, ते म्हणाले वय झालं, ७४ चालू आहे, चालायचंच. मग मीच रक्त तपासून घेतलं, शुगर, थायरॉईड आणि बी १२. बी १२ कमी निघालं, आम्ही पहिल्यापासून शाकाहारी, इंजेक्शनं घेतली आणि दोन महिने अण्णा जरा तरतरीत दिसायला लागले. मला वाटलं सुटलो. तेवढ्यात आमच्या सोलापुरात संक्रांतीचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, आला, सालाबादप्रमाणं होम मैदानावर फिरून आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना शर्टाची बटणं लावता येईनात, डावा पाय ओढल्यासारखा. दुपारपर्यंत बरंच बरं वाटलं म्हणून आम्ही ते थकव्यावर ढकललं. हे मी आज मुद्दाम सांगतोय, कारण नंतर कळलं की तो बारीक स्ट्रोक असणार. तोंड वाकडं होणं, हातपाय लुळा पडणं, बोलताना अडखळणं, यातलं काहीही अचानक झालं तर थांबायचं नाही, मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायला त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासच असतात, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. आपोआप बरं झालं तरी जायचं.

त्यानंतर अण्णा एक पायरी खाली उतरले ते उतरलेच. पावलं बारीक पडायला लागली, लघवीला घाई, आणि आता मात्र सकाळी सांगितलेलं दुपारी आठवेना, जेवण झालं का ते आईला तीन-तीनदा विचारायचे. मग न्यूरॉलॉजिस्टकडं नंबर लावला.

तिथं ३० मार्कांची एक चाचणी घेतात, मराठीतून. पाच शब्द सांगून नंतर विचारतात, १०० मधून सात-सात वजा करायला लावतात आणि घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगतात. अण्णांनी गोल झकास काढला आणि आकडे सगळे एकाच बाजूला लिहिले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "का बे, चुकलं का?" मला उत्तर देता आलं नाही. १७ मार्क मिळाले, शिक्षण सातवीपर्यंत म्हणून त्यात एक मार्क वाढवून दिलेला होता.

मग एमआरआय. डॉक्टरांनी फिल्म लाइटवर लावून मला समोर बसवून समजावलं, त्याबद्दल मी त्यांचा कायम आभारी राहीन. मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात ढगासारखे डाग होते, दोन-तीन ठिकाणी बारीक खड्डे, म्हणजे छोट्या रक्तवाहिन्या बंद होऊन तेवढा भाग मेलेला. आणि हिप्पोकॅम्पस, नवीन आठवणी साठवतो तो भाग, वयाच्या मानानं जास्त सुकलेला. म्हणाले, एक आजार नाही, दोन आहेत. काम सुचत नाही, पावलं अडतात, ते रक्तवाहिन्यांमुळं. सकाळचं दुपारी आठवत नाही, ते बहुतेक अमायलॉइडमुळं, म्हणजे अल्झायमर. म्हातारपणी हे दोन्ही एकत्र असणं खूप कॉमन आहे, त्याला मिक्स्ड डिमेन्शिया म्हणतात, डिमेन्शिया म्हणजे रोजची कामं अडतील इतकी स्मरणशक्ती आणि समज कमी होणं.

अमायलॉइड काय हे मला माहीतच नव्हतं. ते एक प्रोटीन, प्रत्येकाच्या मेंदूत रोज तयार होतं आणि रोज बाहेरही जातं. बाहेर जायचं कमी झालं की पेशींच्या मधे साचत जातं, आणि हे साचणं त्रास दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून चालू असतं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही सोलापूरचे, तुम्हाला पाण्याचं सांगायला नको. चार-पाच दिवसांआड पाणी सुटलं तरी मेन लाइनवरच्या घराला मिळतं, गल्लीच्या टोकाच्या घराला धार बारीक. मेंदूचा आतला पांढरा भाग म्हणजे ते टोकाचं घर, बारीक रक्तवाहिन्यांवर जगणारा. बीपी वर्षानुवर्षं जास्त राहिलं की त्या वाहिन्या जाड आणि कडक होतात. आणि अमायलॉइडचा कचरा बाहेर पडायची एक वाट याच वाहिन्यांच्या भिंतीलगत असते असं मानतात. म्हणजे पाइप खराब झाला की गटारही तुंबतं.

नंतर मी वाचलं, अमेरिकेत ६७८ ननवर एक मोठा अभ्यास झाला, त्यांनी मेंदू दान केले होते. १९९७ मध्ये छापून आलं की मेंदूत अल्झायमरच्या खुणा असलेल्यांपैकी ज्यांना आतल्या भागात एक-दोन बारीक इन्फार्क्टही होते, म्हणजे रक्त न मिळून मेलेले ठिपके, त्यांच्यात डिमेन्शियाचं प्रमाण खूपच जास्त निघालं. अमायलॉइड तेवढंच असलं तरी सोबत रक्तवाहिन्या बिघडल्या की मेंदू लवकर हार मानतो.

मी लगेच विचारलं अमायलॉइड काढून टाकायचं औषध नाही का. आहे, लेकानेमॅब आणि डोनानेमॅब नावाची इंजेक्शनं, अमेरिकेत २०२३ आणि २०२४ मध्ये मंजूर झाली, पण ती अगदी सुरुवातीच्या पेशंटला, घसरण थोडी हळू करतात, गेलेलं परत आणत नाहीत, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव व्हायचा धोका असतो. अण्णांच्या एमआरआयमध्ये बारीक रक्तस्रावाचे ठिपके दिसत होते म्हणून त्यांना नाहीच. अमायलॉइड किती साचलंय ते दाखवणारा पेट (PET) स्कॅनही करू नका म्हणाले, त्यानं उपचार बदलणार नव्हता.

मग डॉक्टरांनी विचारलं, बीपीची गोळी रोज घेतात का?

अण्णा डोकं दुखलं तरच गोळी घ्यायचे. दहा-बारा वर्षं. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मी वर्षभर स्मरणशक्तीची सिरपं, ब्राह्मीच्या गोळ्या, बदाम आणत होतो आणि दहा रुपयांची बीपीची स्ट्रिप कपाटात तशीच पडून होती. त्या दिवशी वरचं बीपी १७८ निघालं. डॉक्टर म्हणाले, अमायलॉइडवर आज माझ्या हातात फार काही नाही, पण बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू पूर्ण आपल्या हातात आहे, स्मरणशक्तीचं पहिलं औषध हेच.

आता आठ महिने झाले. बीपी एकदम पाडायचं नाही, अण्णांना १३०-१४० च्या आसपास ठेवायला सांगितलंय. बसून मोजायचं, मग उभं करून एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी परत, कारण उभं राहिल्यावर फार उतरलं तर म्हातारा माणूस पडतो. शेंगा चटणी आणि लोणचं आईनं ताटातून कमी केलं, सोलापुरात राहून हे किती अवघड आहे ते तुम्हीच समजा. डोनेपेझिल ही अल्झायमरची गोळी रात्री एक चालू केली, त्याआधी ईसीजी काढला कारण त्यानं नाडी मंद होऊ शकते. तंबाखू सुटायला तीन महिने गेले, आईनं एकटीनं सोडवला. कानाचं मशीनही लावलं, ऐकू कमी येणं हेही डिमेन्शियाच्या धोक्यातलं एक मोठं कारण आहे आणि मागावर आयुष्य काढलेल्या किती जणांना नीट ऐकू येतं सांगा. रोज संध्याकाळी कंबर तलावाकडं एक फेरी.

विसरणं गेलेलं नाही. जेवणाचं अजून विचारतात. पण परवाच्या चाचणीत मार्क १७ चे १७ राहिले, आणि डॉक्टर म्हणाले या आजारात आठ महिने तिथंच राहणं चांगलं आहे. बीपीची वही अण्णा स्वतः लिहितात, तारीख मला विचारून घेतात, आकडा मात्र मशीनवरचा बघून स्वतः लिहितात, आणि अक्षर अजून कारखान्याच्या रजिस्टरमधल्यासारखंच आहे.