हीट पाइपच्या वाफेवर बोर्म्याचा पंखा : माझा अनुभव

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या छोट्या काजू कारखान्यात गर वाळवण्याचा बोर्मा टरफलांच्या भट्टीवर चालतो, आणि त्या भट्टीचा धूर चिमणीकडे जाताना साधारण ३५० ते ४०० अंश सेल्सिअस इतका तापलेला असतो. पावसाळ्यात वाऱ्यापावसाने वीज गेली की बोर्म्याचा पंखा थांबतो, पंखा थांबला की खालच्या ताटांतील गर करपू लागतो आणि वरच्या ताटांतील गराची साल सुटत नाही. एकीकडे उष्णता वाया जात आहे आणि दुसरीकडे अर्ध्या अश्वशक्तीच्या पंख्यासाठी काम खोळंबत आहे, ही विसंगती मला, मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून घरच्या धंद्यात आलेल्या मुलीला, फार दिवस खुपत होती. धुराच्या उष्णतेवर थोडी वाफ करावी, त्या वाफेवर लहानसे इंजिन चालवावे आणि इंजिनाने पंखा फिरवावा, असे ठरले.

धुराच्या मार्गात पाण्याची कॉइल बसवणे हा सर्वांना सुचणारा उपाय आहे. मात्र काजूच्या टरफलात दाहक तेल असते आणि ते पूर्ण जळाले नाही तर धुरातून चिकट काजळी येते, जी नळीवर बसली की खरवडूनच काढावी लागते. शिवाय कॉइल एका जागी जरी फुटली तरी दाबाखालचे सगळे पाणी भट्टीत येणार. हीट पाइपमध्ये हा प्रश्न मुळातच वेगळ्या रीतीने सुटतो. दोन्ही टोकांनी बंद केलेली, आतील हवा काढून घेतलेली आणि थोडेसे पाणी भरलेली ही नळी असते. तिचे खालचे टोक धुरात आणि वरचे टोक बॉयलरच्या पाण्यात ठेवले की खाली वाफ होते, ती वर जाऊन थंड होते, आपली उष्णता बॉयलरच्या पाण्याला देते आणि तिचेच पाणी होऊन नळीच्या आतल्या भिंतीवरून पुन्हा खाली उतरते. पाण्याचे १०० अंशाला वाफेत रूपांतर होताना किलोमागे २२५७ किलोज्यूल उष्णता लागते, आणि तेवढीच ती वाफ वर जाऊन परत देते. म्हणून बोटाएवढ्या जाडीच्या नळीतून जी उष्णता जाते ती त्याच जाडीच्या भरीव तांब्याच्या कांबीतून जाणे शक्य नसते. एखादी नळी निकामी झाली तर तिच्यातील पेलाभरही नसलेले पाणी भट्टीत जाईल, बॉयलर मात्र शाबूत राहील.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये पर्किन्स घराण्याने एकोणिसाव्या शतकातच अशा बंद नळ्या करून पावाच्या भट्ट्यांसाठी वापरात आणल्या होत्या. केशाकर्षणाने पाणी परत आणणाऱ्या वातीची जोड देऊन अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये हीट पाइप तयार केला, तो अंतराळातील उपकरणांसाठी, कारण तेथे पाणी खाली उतरवायला गुरुत्वाकर्षण नसते. आमच्या भट्टीवर ते भरपूर आहे, त्यामुळे वातीची कटकट मी ठेवली नाही. नळी उभी, आच खाली आणि बॉयलर वर, एवढे पाळले की पुरते.

काच-नळ्यांच्या काही सौर हीटरमध्येही हीट पाइप असतात, मग उन्हावरच का करत नाही, असे मला अनेकांनी विचारले. ज्या चार महिन्यांत मला वाफ हवी आहे, त्या चार महिन्यांत कोकणात ऊनच नसते, एवढे उत्तर मला पुरेसे वाटते.

आकडेमोड केली तेव्हा पहिली गोष्ट ही लक्षात आली की इंजिनाकडून फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. १६० अंशाच्या, म्हणजे सुमारे ६ बार निरपेक्ष दाबाच्या (वातावरणाच्या दाबाच्या साधारण सहापट) वाफेचा किलोमागे जास्तीत जास्त ३०० किलोज्यूलच्या आसपास उपयोग होऊ शकतो, तोही वाफ वातावरणाच्या दाबापर्यंत आदर्श रीतीने प्रसरण पावली तर. लहान इंजिनात त्यातील निम्मा हाती लागला तरी समाधान मानावे. तासाला १० किलो वाफ करायला साधारण ७.३ किलोवॉट उष्णता लागते, आणि तिच्यातून दट्ट्याच्या दांड्यावर मिळतात जेमतेम ४०० वॉट. पंख्याला तेवढेच हवे होते, म्हणून गणित जुळले.

दुसरी गोष्ट मला अधिक उद्बोधक वाटली. २२ मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या नळीत हीट पाइप म्हणून एक किलोवॉटहून अधिक उष्णता वाहून नेण्याची ताकद असते, पण धुरातून तिच्या पृष्ठभागात उष्णता शिरण्याचा वेगच इतका कमी असतो, की ६० सेंटिमीटर लांबी धुरात ठेवूनही एका नळीकडून २५० वॉटच्या आसपासच मिळतात. अडचण नळीच्या आत नाही, बाहेर आहे. बाहेरून पाती लावून पृष्ठभाग वाढवता येतो, परंतु टरफलांच्या काजळीत पात्यांमधल्या फटी बुजून जातील हे दिसत असल्याने मी साध्या नळ्याच घेतल्या आणि त्यांची संख्या ३२ ठेवली.

नळ्या तांब्याच्याच का, हे मात्र मी स्वतः पाहून ठरवले. तांबे आणि पाणी यांचे जमते. लोखंड आणि पाणी यांची बंद नळीत हळूहळू रासायनिक क्रिया होऊन हायड्रोजन तयार होतो, आणि ॲल्युमिनियममध्ये तर तो फारच वेगाने होतो. पुस्तकातले हे वाक्य खरे करून पाहण्यासाठी तांब्याच्या नळ्यांबरोबर काही लोखंडी नळ्याही मुद्दाम तयार करून घेतल्या. सुरुवातीला दोन्ही सारख्याच तापत. काही आठवड्यांनी लोखंडी नळीच्या वरच्या टोकाची चारेक बोटे थंड पडू लागली, आणि पुढे तो थंडपणा खाली सरकत गेला. हायड्रोजन वाफेसारखा थंड होऊन द्रव होत नाही, वाफ त्याला ढकलत वरच्या टोकाला नेऊन बसवते, आणि जेथे तो बसतो तेवढी नळी कामातून जाते.

नळ्या भरण्याचे काम कुडाळमधील एका फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्या दादांकडे दिले, कारण तांब्याची नळी चिमटून बंद करण्याचे हत्यार, चांदीच्या ब्रेझिंगचा (चांदीमिश्रित धातू वितळवून सांधा जोडण्याचा) हात आणि गळती शोधण्याची सवय या तिन्ही गोष्टी आमच्या भागात त्याच व्यवसायात एकत्र सापडतात. सगळी रचना ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले, "ताईनू, ह्येच्यात गॅस नाय, नुसता पाणीच भरूचा?" पाणीच भरायचे, पण ते बॅटरीचे, म्हणजे डिस्टिल्ड पाणी, आधी खळखळून उकळलेले. व्हॅक्यूम पंपापेक्षा उकळून हवा काढण्याची रीत मला अधिक भरवशाची वाटली. नळीत ९० ग्रॅम पाणी घ्यायचे, खालचे टोक तापलेल्या वाळूत उभे करायचे, आणि वरच्या बारीक तोंडातून आधी हवामिश्रित वाफेचे धक्के येतात, मग एकसंध झोत सुरू होतो, त्याची वाट पाहायची. झोत चालू असतानाच ते तोंड चिमटून बंद करायचे आणि नंतर टोकावर ब्रेझिंग करायचे. नळी निवल्यावर वजनकाट्यावर ठेवली की आत किती पाणी राहिले ते कळते. मला ५५ ते ६० ग्रॅम हवे होते, म्हणजे धुरात राहणाऱ्या भागाच्या पोकळीचा साधारण तिसरा हिस्सा.

परीक्षा तळव्याने होते. नळीचे खालचे टोक कढत पाण्यात बुडवायचे आणि दुसऱ्या हाताचा तळवा वरून खाली फिरवायचा. नळी चांगली असेल तर काही क्षणांत वरचे टोक खालच्या टोकाइतकेच तापते, हात ठेववत नाही. आत हवा राहिली असेल तर वर थंड भाग लागतो, आणि तो हळूहळू कोमट होत जात नाही. एका ठिकाणी एकदम रेघ मारल्यासारखी हद्द येते, जिच्या वर तांबे गार आणि खाली पोळणारे असते. ज्या नळ्यांत अशी हद्द सापडली त्या दादांनी बिनबोभाट कापून पुन्हा भरल्या.

बॉयलरचा ड्रम उभा आहे, आतून २५ सेंटिमीटर व्यासाचा आणि जवळजवळ ५० सेंटिमीटर उंचीचा. नळ्या त्याच्या तळपत्र्यातून ३० सेंटिमीटर आत, पाण्यात उभ्या आहेत आणि त्यांचा उरलेला भाग खाली धुराच्या मार्गात लोंबतो. ही मापे ठरवताना कायद्याचा विचार होता. १९२३ च्या बॉयलर कायद्यात २००७ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार २५ लिटरपेक्षा कमी धारणक्षमतेचे पात्र बॉयलरच्या व्याख्येत येत नव्हते. आता त्या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. व्याख्येतून सुटलो म्हणजे धोक्यातून सुटलो असे मुळीच नाही, त्यामुळे वापराच्या दाबाच्या दीडपट दाबाने पाण्याची चाचणी, दोन सेफ्टी व्हॉल्व्ह आणि पाणी दाखवणारी काच यांत काटकसर केली नाही. खरा धोका मला ड्रममधील पाणी आटण्याचा वाटतो. पाणी आटले तर नळ्यांची उष्णता घ्यायला कोणी उरत नाही, त्या धुराच्या तापमानाकडे चढू लागतात, आणि नळीच्या आतील दाब २५० अंशाला सुमारे ४० बार, तर ३०० अंशाला ८५ बारच्या वर जातो. म्हणून तरंगता गोळा ठरावीक पातळीखाली गेला की धूर दुसऱ्या वाटेने चिमणीत वळवणारी झडप आपोआप पडते, अशी योजना केली. संपूर्ण यंत्रात सर्वांत जास्त वेळ मी या झडपेवर घालवला.

एका सिलिंडरचे, दोन्ही बाजूंनी वाफ घेणारे इंजिन कोल्हापूरच्या एका कारखान्यात करून घेतले. बिडाचे ओतकाम आणि लेथकाम यांसाठी आम्हा कोकणातल्यांना घाट चढावाच लागतो. त्याच्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. सुरू करताना सिलिंडरचे निचऱ्याचे कॉक उघडे ठेवून साचलेले पाणी आधी बाहेर काढावे लागते आणि तेल स्टीम सिलिंडरचेच वापरावे लागते, एवढे पाळले की ते मुकाट्याने चालते.

पहिल्यांदा भट्टी पेटवली तेव्हा ड्रममधून ठक ठक असा आवाज येऊ लागला आणि कामावरच्या बायका दारापर्यंत मागे सरकल्या. आच मंद असताना नळीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात एकच मोठा बुडबुडा होतो आणि तो वरच्या पाण्याचा स्तंभ उचलून टोकावर आपटतो, त्याचा तो आवाज. आच वाढली की पाणी सलग उकळू लागते आणि आवाज थांबतो. टरफले एकदम न घालता आच लवकर वाढेल अशी आधी सुकी लाकडे घालण्याची पद्धत त्यामुळे पडली.

भट्टी विझल्यावर ड्रम रात्रभर गरम राहतो, ही मात्र न मागता मिळालेली सोय आहे. उभ्या हीट पाइपमधून उष्णता वर जाते, खाली परत येत नाही, कारण वरचे टोक जास्त गरम झाले तरी तेथे वाफ व्हायला पाणीच नसते. अलास्कातील तेलवाहिनीच्या खांबांत याच तत्त्वाच्या, अमोनिया भरलेल्या लाखाहून अधिक नळ्या आहेत. हिवाळ्यात त्या जमिनीतील उष्णता वर सोडतात आणि उन्हाळ्यात गप्प बसतात, त्यामुळे खालची गोठलेली जमीन वितळत नाही.

इंजिनातून बाहेर पडणारी वाफ आम्ही सोडून देत नाही. तिच्यात अजून सुरुवातीच्या उष्णतेचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग शिल्लक असतो आणि बोर्म्याला हवे असतात ६५ ते ७० अंश. ती तेलगाळणीतून बोर्म्याच्या तळातील बंद कॉइलमध्ये जाते आणि तेथे तिचे पाणी होते. हे पाणी तेलाचा अंश राहतो म्हणून बॉयलरमध्ये परत घेत नाही. जांभ्यातल्या विहिरीचे पाणी मऊ असल्याने ताजे पाणी घेऊनही ड्रममध्ये क्षार फारसे धरत नाहीत. नळ्यांवरची काजळी आठवड्यातून एकदा तारेच्या ब्रशने निघते, आणि बाजूचे दार उघडून ते काम बसल्या जागी होते.

केवळ ४०० वॉटसाठी हा उद्योग कोणी करू नये, बॅटरी आणि इन्व्हर्टर त्यापेक्षा सोपा पडेल. ज्याला वीज गेल्यावर पंखा आणि दिवसभर साठ-सत्तर अंशाची उष्णता दोन्ही हवे आहे, आणि जळण ज्याच्या घरचेच आहे, त्याला हे परवडते. याच रीतीने भाताची गिरणी चालेल का, असे गावातील एका काकांनी विचारले होते. तीन अश्वशक्तीसाठी तासाला ५५ ते ६० किलो वाफ, दीडशेहून अधिक नळ्या आणि २५ लिटरच्या मर्यादेत न मावणारा ड्रम लागेल; म्हणजे नोंदणी, निरीक्षकांची तपासणी आणि प्रमाणपत्रधारक बॉयलर अटेंडंट हे सगळे ओघाने आले. काकांनी डिझेल इंजिनच दुरुस्त करून घेतले.